एकट्याने युरोप: हॉस्टेल घ्यावं की स्वस्त हॉटेल?

जळगाव-धुळ्याकडून एकट्याने युरोपला निघालेल्यांचं बजेट कोलमडतं ते खोलीवर. दोघांची खोली एकट्याने घेतली तरी भाडं जवळपास तेवढंच लागतं.

ईझीहॉटेलसारख्या स्वस्त हॉटेलांच्या साखळीत पलंग, बाथरूम आणि स्वतःचं दार मिळतं. सर्वात स्वस्त खोलीला बऱ्याचदा खिडकी नसते. बुकिंगआधी खोलीचा प्रकार उघडून वाचाच. एक-दोन रात्रींपुरतं ठीक, चार दिवस कोंडल्यासारखं होतं.

जास्त मुक्काम असेल तर आमची पसंती स्वयंपाकघर असलेल्या हॉस्टेलला. तिथे सहा खाटांच्या सामायिक खोलीतली एक खाट घ्या, खालची मागून घ्या. कुलूप आणि टॉवेल घरून न्या, अनेक ठिकाणी त्यांचे वेगळे पैसे लागतात. शेंगदाण्याची चटणी, कळण्याचं पीठ न्या. तूप आणि पेढे मात्र नकोत, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. ठेच्यासाठी मिरच्या परतायच्या असतील तर आधी खिडकी उघडा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो.

दिसणारी किंमत अंतिम धरू नका. ॲमस्टरडॅममध्ये 2024 पासून पर्यटन कर भाड्याच्या साडेबारा टक्के आहे आणि तो अनेकदा शेवटच्या पानावरच दिसतो. उलट जिनिव्हात हॉटेल किंवा हॉस्टेलमध्ये उतरलं की मुक्कामभर शहरातल्या बस-ट्रामचा पास फुकट मिळतो, तो हिशोबात धराच.

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्ज करतानाच राहण्याचा पुरावा लागतो, म्हणून विनाशुल्क रद्द होणारं बुकिंगच करा. रद्द करायची मुदत हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार मोजतात.