वरळीची बीडीडी चाळ की नवा टॉवर?
बीडीडी म्हणजे ब्रिटिशकालीन बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. त्यांनी बांधलेल्या या चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना टॉवरमध्ये घर मिळतं. चाळीतली खोली 160 चौरस फुटांची, भाड्याची. टॉवरमधलं घर 500 चौरस फुटांचं, मालकीचं. जागेच्या हिशोबात सामना एकतर्फीच. चाळीत मजल्यावर 20 खोल्या आणि संडास सामाईक, म्हणून सकाळची रांग ठरलेली. टॉवरमध्ये ती संपते, पण लिफ्टपुढे नवी लागते. चाळ तळमजला अधिक तीन. चाळिसाव्या मजल्यावर मात्र लिफ्ट बंद म्हणजे म्हातारी माणसं घरातच अडकली. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा यांचा मासिक खर्च चाळीच्या नाममात्र भाड्याच्या कित्येक पट. सोसायटी ताब्यात घेण्याआधीच तो लेखी मागावा. चाळीतल्या सामाईक गॅलरीला मात्र पर्याय नाही. उघड्या दारांमुळे शेजारची पोरंही आपोआप नजरेखाली राहायची. बंद दारांच्या लॉबीत ते जमत नाही.