हौद भरला की बोर्ड मरायचा : केळीच्या शेतात ईएसपी३२ चे आठ महिने

रावेरकडे आमची केळी आहे, विहिरीची मोटार हौद भरते आणि दुसरी मोटार हौदातून ड्रिपला पाणी देते, दोन्ही मी ३० पिनांच्या साध्या ईएसपी३२ बोर्डवर (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर) घेतल्या, मॉड्यूल वरूम, फ्लॅश (प्रोग्राम आणि डेटा साठवणारी मेमरी) ४ एमबी. थ्री फेज आमच्याकडे कधी दिवसा तर कधी रात्री, त्यामुळे रात्री दोनला उठून स्टार्टर दाबायला जायचं हे थांबवायचं होतं. आता आठ महिने झाले म्हणून लिहितोय.

पहिले दोन महिने फार त्रास झाला. घरी टेबलावर बोर्ड एकदम ओके, शेतात मात्र लाइट जाऊन आली की कधी चालू होई कधी नाही. बाबांचा फोन यायचा, "हौद भरेल आहे अन् केळी कोरडी, पाह्य बरं काय झालं." मग ते हातानेच ड्रिपची मोटार चालू करायचे आणि मी पोहोचेपर्यंत बोर्ड आपोआप जिवंत झालेला असायचा! मी बोर्ड बदलला, तरी तेच. शेवटी लॅपटॉप घेऊन रात्री तिथेच बसलो, सिरीयल मॉनिटर (बोर्ड पाठवतो ते मेसेज दाखवणारी खिडकी) ११५२०० स्पीडवर लावला, लाइट आली आणि स्क्रीनवर एकामागे एक "फ्लॅश रीड एरर, १०००" आणि वॉचडॉग रीसेट, म्हणजे चिप अडकली की स्वतःच पुन्हा चालू होते तो. मला वाटलं फ्लॅशच गेली. पण फ्लॅश चांगली होती हो. चूक माझी होती, हौदाचा फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर चालणारा) मी जीपीआयओ १२ ला, म्हणजे चिपच्या १२ नंबरच्या पिनला जोडलेला. बोर्ड चालू होताना ही पिन हाय (३.३ व्होल्टवर) असली तर चिप फ्लॅशला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट देते, आणि ३.३ ची फ्लॅश तेवढ्यावर वाचलीच जात नाही. हौद भरला की माझा फ्लोट त्या पिनला ३.३ द्यायचा. भरलेल्या हौदावर लाइट आली की बोर्ड अडकायचा, बाबांनी पाणी सोडलं की पातळी उतरायची, फ्लोट सुटायचा आणि पुढच्या रीसेटला बोर्ड नीट उठायचा. टेबलावर फ्लोटच नव्हता म्हणून तिथे कधी दिसलंच नाही. फ्लोट २७ नंबरला नेला, त्या दिवसापासून हे एकदाही झालं नाही. ईफ्यूज (चिपमधली एकदाच बदलता येणारी सेटिंग) जाळून व्होल्टेज कायमचं ३.३ करता येतं पण ते परत फिरवता येत नाही, पिन मोकळी करता येत असेल तर त्यात पडू नका.

नंतर ब्राउनआउट, म्हणजे व्होल्टेज खाली आलं की बोर्ड रीसेट होणं. वायफाय चालू होतं तेव्हा करंट एकदम वर जातो, आणि माझा मोबाइल चार्जर आणि पाच मीटर बारीक वायर, तिथे व्होल्टेज बसायचं. बरेच जण कोडमध्ये ब्राउनआउट डिटेक्टरच बंद करा सांगतात, कृपया करू नका, कमी व्होल्टेजवर फ्लॅशमध्ये लिहिणं चालू असलं तर डेटा खराब होतो. ५ व्होल्ट २ अँपियरचा चांगला सप्लाय, आखूड जाड वायर, बोर्डजवळ १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, आणि कॉन्टॅक्टरच्या (मोटार चालू-बंद करणारा स्विच) कॉइलवर स्नबर (व्होल्टेजचा झटका दाबणारा), एवढ्यात माझं थांबलं.

सगळ्यात जास्त जीवाला लागलं ते मोटारीच्या तासांचं. मी दर १० सेकंदाला फ्लॅशचा एकच सेक्टर (एकदम पुसला जाणारा तुकडा) पुसून त्यात तास लिहीत होतो. पुसला आणि लिहायच्या आत लाइट गेली की सगळे तास शून्य, महिन्याचा हिशोब असा दोनदा गेला. वरून एक सेक्टर साधारण १ लाख वेळाच पुसता येतो, आणि माझे दिवसाला ८६४० व्हायचे, म्हणजे बारा दिवसांत आयुष्य संपणार! आता प्रेफरन्सेस लायब्ररी वापरतो, ती एनव्हीएसमध्ये (फ्लॅशमधला नोंदींसाठीचा भाग) लिहिते, जुनी नोंद लगेच पुसत नाही आणि लिखाण पसरवते. लिहितोही १५ मिनिटांनी आणि मोटार बंद होताना.

बोर्ड परत घेईन का, हो, दुसरा घेतलाय शेजारच्या काकांच्या विहिरीसाठी. त्यावर पहिल्या दिवसापासून रीसेटचं कारण फोनवर येईल असं कोड टाकलंय, आणि १२ नंबरच्या पिनवर लाल टेप चिकटवलीय.