'फर्स्ट पार्टी' पॉलिसी उघड्या दरवाजाच्या कसोटीवर

खासगी कारच्या पॅकेज पॉलिसीला (स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि दुसऱ्याची भरपाई दोन्ही धरणारी) जळगाव-धुळ्यात सगळे 'फर्स्ट पार्टी' किंवा 'फुल इन्शुरन्स' म्हणतात. तिचं हे परीक्षण एकाच प्रसंगावर केलं आहे. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी आहे, मागच्या सीटवरच्या पाहुण्याने मागे न बघता उजवा दरवाजा उघडला आणि मागून येणारा मोटारसायकलवाला त्यावर आदळला. आता पैसे कोण देणार? कंपनी कुठलीही घ्या, मूळ कलमं जवळपास सारखीच असतात, कारण ती जुन्या इंडियन मोटर टॅरिफमधून, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या सामायिक दर-अटींच्या पुस्तकातून, आलेली आहेत. म्हणून इथे कंपन्यांची तुलना नाही, कागदाचीच पारख आहे.

जखमी माणसाच्या बाजूने पाहिलं तर कागद दणकट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १४७ फक्त धावत्या गाडीबद्दल बोलत नाही. गाडीच्या वापरामुळे किंवा वापरातून उद्भवलेली इजा, अशी त्याची व्याप्ती आहे. १९८७ साली सातारा जिल्ह्यात महामार्गालगत उलटून पडलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं की गाडी थांबलेली असली तरी तो तिचा 'वापर'च. त्यामुळे 'साहेब, गाडी तर उभी होती' हा बचाव फारसा चालत नाही. इजा आणि मृत्यूच्या भरपाईला पॉलिसीत रकमेची मर्यादा नाही. समोरच्याच्या मालमत्तेच्या, म्हणजे त्याच्या मोटारसायकलच्या नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा आहे. ती या प्रसंगात सहसा पुरून उरते. एवढं संरक्षण नुसत्या थर्ड पार्टीतही, म्हणजे फक्त दुसऱ्याची भरपाई करणाऱ्या विम्यातही, मिळतं. १००० ते १५०० सीसीच्या कारला १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दराने त्याचा वर्षाचा हप्ता ३,४१६ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. या पैशात याहून चांगला सौदा विम्याच्या बाजारात क्वचितच सापडेल.

खरी मेख पुढे आहे. पॉलिसीचा जबाबदारीचा भाग मालकाला सांभाळतो आणि मालकाच्या परवानगीने गाडी चालवणाऱ्याला सांभाळतो. दरवाजा उघडणारा प्रवासी यात कुठेच नाही. त्यामुळे मोटार अपघात न्यायाधिकरणासमोर कंपनीचा वकील हमखास म्हणतो, की चूक प्रवाशाची आहे, आमच्या विमाधारकाची नाही, मग आम्ही का द्यायचे? त्यावर अर्जदाराला ड्रायव्हरची चूक दाखवावी लागते. गाडी कडेला न घेता रस्त्यातच उभी केली, इंडिकेटर दिला नाही, आरशात न बघता सेंट्रल लॉक उघडला, रहदारीच्या बाजूने उतरायला सांगितलं, यातलं काहीतरी सिद्ध व्हावं लागतं. गंमत अशी की मालकाच्या दृष्टीने ड्रायव्हरचा निष्काळजीपणा ठरणंच सोयीचं असतं, कारण मग कंपनी भरते. चूक निव्वळ प्रवाशाची ठरली तर तो प्रवासी स्वतःच्या खिशानिशी उघडा पडतो आणि जखमीला पैसे वसूल करायला त्याच्या मागे फिरावं लागतं. म्हणून अशा दाव्यात मालक, ड्रायव्हर आणि कंपनी यांच्याबरोबर प्रवाशालाही सामनेवाला करून ठेवणं शहाणपणाचं. मोटारसायकलवाला भरधाव होता, गाडीला फार चिकटून जात होता, असं दिसलं तर त्याच्याही वाट्याला काही टक्के येतात आणि भरपाई तेवढी कापली जाते.

इथे एजंटच्या टेबलावर एक गफलत नेहमी होते. 'भाऊ, पॅसेंजरचं कव्हर टाकून दिलंय' असं सांगितलं जातं. ते बहुधा आयएमटी १६ चं (त्याच टॅरिफमधल्या १६ क्रमांकाच्या जोडकलमाचं) कव्हर असतं, म्हणजे अनामिक प्रवाशांचा वैयक्तिक अपघात विमा. त्यात प्रवासी स्वतः मेला किंवा कायमचा अपंग झाला तर ठरलेली रक्कम मिळते. त्याने दुसऱ्याचा पाय मोडला तर त्याचा काही उपयोग नाही. तेच मालक-चालकाच्या पंधरा लाखांच्या अपघात विम्याचं. पगारी ड्रायव्हर असेल तर पन्नास रुपयांचं आयएमटी २८ जरूर घ्या, पण तेही ड्रायव्हरला झालेल्या इजेसाठी आहे. दरवाजा उघडणाऱ्या पाहुण्याची जबाबदारी घेणारं वेगळं कव्हर या टॅरिफच्या यादीत नाही. या एका कारणासाठी पाचपैकी साडेतीनच गुण.

फौजदारी बाजू तर विम्याच्या कक्षेबाहेरच आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकारपणे गाडी चालवणं) गाडी चालवणाऱ्याला लागतं, पण १२५ (दुसऱ्याचा जीव धोक्यात आणणं, त्यातून झालेली दुखापत) आणि १०६ (निष्काळजीपणाने मृत्यू) कुणालाही लागतं, दरवाजा उघडणाऱ्यालासुद्धा. दंड कंपनी भरत नाही.

आता स्वतःच्या दरवाजाचं. हा भाग मध्यम दर्जाचा. उघड्या दरवाजावर मागून धक्का बसला की नुसता पत्रा चेपत नाही. दरवाजा त्याच्या मर्यादेपलीकडे पुढे फेकला जातो, बिजागऱ्या वाकतात, दरवाजा ठराविक अंतरावर अडवणारी डोअर चेकची पट्टी तुटते. पुढचा दरवाजा असेल तर फेंडरची कड चेपते, मागचा असेल तर पुढच्या दरवाजाची. बिजागरी जिथे बोल्टने बसते तो खांब ओढला गेला असेल तर नवीन दरवाजा बसवूनही फट सरळ येत नाही आणि पावसाळ्यात पाणी आत येतं. नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईल तेव्हा ही फट त्याला दाखवून त्याच्या रिपोर्टमध्ये खांबाचा उल्लेख करून घ्या. नाहीतर 'डेंटिंग-पेंटिंग' एवढंच मंजूर होतं.

हिशेब असा बसतो. समजा गाडी साडेचार वर्षांची आहे. दरवाजाचं शेल १२,००० रुपये, धातूला या वयात ३५ टक्के घसारा, मिळाले ७,८००. आतलं प्लास्टिक ट्रिम २,०००, प्लास्टिकला नेहमी निम्मं, मिळाले १,०००. पेंटिंग ६,०००. त्यातला चौथा हिस्सा रंगसामानाचा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा, म्हणून ५,२५०. मजुरी ३,००० पूर्ण. जीएसटी सोडून बिल २३,०००, मंजुरी १७,०५०, त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीच्या मालकाने स्वतः सोसायचे सक्तीचे १,००० वजा, हातात १६,०५०. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) घेतलं असेल तर घसारा वाचतो, ते हजार रुपये वाचत नाहीत. शिवाय एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याने हप्त्यात मिळणारी सवलत) जातो. ५० टक्क्यांवर पोचलेला असेल आणि ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा, मूळ हप्ता ९,००० असेल तर पुढच्या वर्षीच साडेचार हजार जास्त भरावे लागतात, आणि सवलत पुन्हा २० टक्क्यांपासून चढायला लागते. छोटा डेंट असेल तर क्लेम न केलेला बरा. मोटारसायकलवाल्याने केलेल्या थर्ड पार्टी दाव्याने मात्र एनसीबी जात नाही. हे एजंट क्वचितच सांगतात.

या पॉलिसीचा सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे तिच्या अटी, आणि आपल्याकडची 'मांडवली' त्यातच अडकते. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देण्याचं वचन द्यायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. धुळ्याच्या पाचकंदीलच्या गर्दीत चार माणसं जमली की लोक कागदावर 'दवाखान्याचा सर्व खर्च आम्ही देऊ' असं लिहून सही करून मोकळे होतात. तो कागद पुढे कंपनीच्या हाती लागतो. जखमीला दवाखान्यात नेणं ही वेगळी गोष्ट. ते मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे ड्रायव्हरचं कर्तव्यच आहे, आणि पोलीस ठाण्यात जास्तीत जास्त २४ तासांत खबर देणं हेही. उपचाराचे पैसे कोणी द्यायचे याची घासाघीस तिथे करू नका. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस उपचार मिळतो. आधी ११२ ला फोन लावा.

जागेवर करायचं काम थोडं आहे पण तेच पुढे टिकतं. गाडी हलवण्याआधी दरवाजा उघडाच ठेवून फोटो काढा, त्यात रस्त्याची कड आणि चाकापासूनचं अंतर दिसलं पाहिजे. डॅशकॅमचं कार्ड काढून ठेवा. कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा, टोल फ्री नंबरवर क्लेम नंबर घेतला तरी एक ईमेल टाकाच. पंचनाम्यात कुठला दरवाजा आणि कोण उतरत होतं हे नीट लिहिलं आहे का ते पाहा. 'कारने धडक दिली' एवढंच आलं तर पुढे दोन्ही बाजूंचा घोळ होतो. जखमीच्या बाजूने त्याच कायद्याच्या कलम १६६ चा भरपाईचा अर्ज सहा महिन्यांत जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या न्यायाधिकरणात, अपघाताच्या किंवा राहण्याच्या ठिकाणाप्रमाणे. अपील उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात.

पांढऱ्या पाटीच्या (खासगी) गाड्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेला किंवा लग्नाच्या वऱ्हाडाला भाड्याने माणसं नेणाऱ्यांनी एक वाक्य पॉलिसीत शोधावं: 'भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर वगळून'. भाडं घेतल्याचं निघालं तर स्वतःच्या दरवाजाचा क्लेम जातोच, आणि जखमीला दिलेले पैसेही कंपनी मालकाकडून वसूल करायला मागते.

आपला स्वतःचा क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.