जळगावात घरावर सोलर बसवून वर्ष झालं, खर्च परवडतो का ते सविस्तर

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या घरावर ३ किलोवॅटचं सोलर चालू झालं, म्हणजे आता उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही बघून झालेत. तेव्हापासून नातेवाईक, शाळेतल्या मैत्रिणी, गल्लीतले सगळे एकच विचारतात, परवडतं का? याचं हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर नाहीये, ते तुमच्या बिलावर आहे. आम्हाला परवडलं, चांगलंच परवडलं. पण शेजारच्या काकूंना मीच सांगितलं की तुम्ही एवढं मोठं घेऊ नका. का ते सांगते.

आधी स्वतःचं वीजबिल उलटंपालटं करून नीट वाचा. महावितरणचा घरगुती दर सरसकट एक नाही, स्लॅब आहेत. आम्ही निर्णय घेतला तेव्हा २०२४-२५ चे दर होते, पहिली १०० युनिटं ४ रुपये ७१ पैशांनी, १०१ ते ३०० पर्यंत १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे, आणि प्रत्येक युनिटवर वरून १ रुपया १७ पैसे वहन आकार, मग स्थिर आकार, मग सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. २०२५ मध्ये दर बदलले पण ही चढण तशीच आहे. याचा अर्थ असा की ज्या घरात महिन्याला १२० युनिटं जळतात त्यांचं बिल अकराशेच्या आसपास येतं आणि ज्यांच्याकडे ४०० जळतात त्यांचं सव्वापाच हजारांवर जातं, वापर सव्वातीन पट पण बिल जवळजवळ पाच पट. सोलर आधी तुमची वरची महागडी युनिटं खातं, स्वस्तातली शंभर सगळ्यात शेवटी. म्हणून मोठ्या बिलाच्या घरात ते झपाट्याने वसूल होतं आणि छोट्या बिलाच्या घरात सावकाश.

काकूंचं बिल अकराशेवालं. घरात दोघंच, एसी नाही, कूलर आहे. त्यांच्याकडे आलेला माणूस सांगत होता की ३ किलोवॅटच घ्या, ७८ हजार सबसिडी मिळते, सोडू नका. हे ७८ हजार खरे आहेत, पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार मिळतात, त्याच्यावर कितीही मोठं बसवलं तरी ७८ हजारच. पण सबसिडी जाऊनही त्यांच्या खिशातून सव्वा लाखाच्या आसपास गेले असते आणि वाचले असते महिन्याला फार तर नऊशे-साडेनऊशे, कारण जेवढं बिल येतं त्यापेक्षा जास्त काही वाचू शकत नाही ना! अकरा वर्षं लागली असती नुसती भरपाई व्हायला. त्याऐवजी १ किलोवॅट, साधारण सत्तर हजार, त्यातून ३० हजार परत, ते महिन्याला सरासरी ११०-१५ युनिटं देतं आणि वाचतात तेच नऊशे. चार वर्षांच्या आत वसूल. सबसिडी मोठी दिसते म्हणून सिस्टीम मोठी घ्यायची हा हिशोब मला कुठल्याच बाजूने पटत नाही, आणि ज्यांचं वर्षभर शंभर युनिटांच्या आत भागतं त्यांनी तर अजिबात घाई करू नये.

आमच्याकडे सहा माणसं, दोन एसी, पाण्याची मोटर, वर्षाची बेरीज काढली तर चार हजार युनिटांच्या आसपास. आपल्या भागात १ किलोवॅट वर्षाला साधारण चौदाशे युनिटं देतं असं धरायचं, म्हणजे दिवसाला सरासरी चारच्या थोडं खाली, आणि चार हजाराला चौदाशेने भागलं की आलं ३ च्या जरा आत. बारा महिन्यांची युनिटं बिलावर छापलेली असतात, ती बेरीज करायला पाच मिनिटं लागतात, पण आमच्याकडे कोटेशन द्यायला आलेल्या तिघांपैकी दोघांनी नुसतं मे महिन्याचं बिल बघून ५ किलोवॅट सांगितलं. मे चं बिल बघून कधीच ठरवू नका.

आता खरी महत्त्वाची गोष्ट, जी मला बसवायच्या आधी कोणीच नीट समजावली नव्हती, ती म्हणजे ३१ मार्च. नेट मीटरिंगमध्ये दिवसा जास्तीची वीज महावितरणकडे जाते आणि रात्री आपण वापरतो ती त्यातून वजा होते, महिन्याला शिल्लक राहिली तर पुढच्या महिन्यात जमा. हे आर्थिक वर्ष संपेपर्यंतच चालतं. ३१ मार्चला जी शिल्लक असेल तिचा हिशोब होतो, तिचे पैसे मिळतात पण आपण ज्या भावाने वीज घेतो त्याच्यापेक्षा कितीतरी कमी भावाने, आणि १ एप्रिलला खातं परत शून्यावर. आता जळगावचं बघा. ऑक्टोबर ते मार्च घरात वापर कमी, पंखेसुद्धा अर्धा वेळ बंद, आणि ऊन मात्र स्वच्छ, त्यामुळे शिल्लक साठत जाते. आणि ज्या एप्रिलमध्ये पारा ४२-४३ वर जाऊन एसी सुरू होतो नेमकं त्याच एप्रिलच्या तोंडावर ती शिल्लक स्वस्तात निघून जाते. मग उन्हाळ्यात वापर पाचशेच्या वर आणि निर्मिती सव्वाचारशे, पावसाळ्यात वापर साडेतीनशे आणि निर्मिती अडीचशे, म्हणजे सहा महिने थोडं थोडं कमीच पडतं. कागदावर वर्षाची बेरीज जुळते तरी बिल शून्य येत नाही.

पण यात वाईट काही नाही! कमी पडतात ती शंभरएक युनिटं आपल्याला पहिल्या, सगळ्यात स्वस्त स्लॅबमध्ये मिळतात. मे २०२४ ला आमचं बिल साडेसात हजारांच्या पुढे होतं, मे २०२५ ला नऊशेच्या आत आलं. ते नऊशे रुपये वाचवायला अजून २ किलोवॅट चढवायचे, तेही सबसिडीशिवाय, तर लाखभर घालावे लागले असते आणि हिवाळ्यात अजूनच जास्त वीज मार्चला मातीमोल गेली असती. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की गरजेपेक्षा किंचित लहान सिस्टीम घ्या, शेवटची शंभर युनिटं महावितरणकडूनच येऊ द्या.

कागदपत्रांचं म्हणाल तर सूर्यघर योजनेच्या पोर्टलवरचं काम सोपं आहे, पण आमचं बिल सासऱ्यांच्या नावावर होतं आणि ते जाऊन चार वर्षं झाली. बिलावरचं नाव, आधार आणि बँक खातं जुळायला हवं, त्यामुळे आधी मीटर सासूबाईंच्या नावावर करून घेतलं आणि मगच अर्ज. खानदेशात निम्म्या घरांची बिलं अजून आजोबांच्या नावावर असतील, त्यांनी हे काम आजच सुरू करा. सबसिडी नंतर खात्यात येते, आधी पूर्ण रक्कम आपल्यालाच भरावी लागते, त्यासाठी सरकारी बँका कमी व्याजाचं कर्ज देतात ते बघा. आणि पॅनल देशी बनावटीचे म्हणजे डीसीआरवाले असतील तरच सबसिडी, कोटेशनवर तसं लिहून घ्या.

पॅनल बसले पण नेट मीटर यायला काही आठवडे लागले, त्या काळात बसवणारा म्हणत होता चालू करून टाका, फुकटची वीज कशाला वाया घालवता. आमच्या ओळखीच्या वायरमन दादांनी थांबवलं. जुने बरेचसे मीटर बाहेर जाणारी वीजसुद्धा आपण वापरलेलीच समजून मोजतात, म्हणजे दुपारी तुम्ही वीज देताय आणि मीटर तुमच्याच नावावर चढवतंय. नेट मीटर लागेपर्यंत सिस्टीम बंदच ठेवा, कोणी काहीही सांगो.

गच्चीबद्दल घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली. सासूबाईंचं म्हणणं, माझे बिबडे-पापड, कुरडया कुठे वाळत घालू, उन्हाळ्यात झोपायचं कुठे? त्यांचं बरोबरच होतं, ५४० वॅटचे सहा पॅनल म्हणजे तीनशे स्क्वेअर फूट जागा जाते. म्हणून स्ट्रक्चर आठ फूट उंच करून घेतलं, त्याचे पंधरा हजार जास्त गेले, आणि पूर्वेची बाजू वाळवणाला मोकळी सोडली. आता पॅनलखाली चांगला मांडव झालाय, सावलीत बसून कुरडया पाडायच्या आणि दोन पावलं टाकून उन्हात घालायच्या. आणि खालच्या बेडरूमचा स्लॅब दिवसभर तापत नाही, त्यामुळे संध्याकाळी त्या खोलीतला उकाडा खरंच कमी झालाय, हा फायदा कुठल्या कोटेशनमध्ये लिहिलेला नव्हता. पण उंच स्ट्रक्चर असेल तर पाया आणि लोखंड भक्कमच हवं. आपल्याकडे मे-जूनचं वादळ केळीच्या बागाच्या बागा आडव्या करतं, ते गच्चीवरच्या पत्र्याला आणि पॅनलला सोडेल का? गॅल्वनाइज्ड पाइप, प्रत्येक पायाखाली काँक्रीटचा ठोकळा, आणि स्लॅबला भोक पाडलं तर तिथे वॉटरप्रूफिंग करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. पाण्याची टाकी आणि जिन्याच्या खोलीची सावली हिवाळ्यात लांबपर्यंत पडते, ती डिसेंबरमध्ये कुठे पोचते ते आधी बघा, एका पॅनलवर सावली पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्यांवर परिणाम होऊ शकतो.

लोकांना वाटतं की जळगावचं ४५ डिग्री ऊन म्हणजे सोलरची चांदी. तसं नाहीये. पॅनलला उजेड लागतो, उष्णता नको असते. काच २५ डिग्रीच्या वर जाते तशी दर डिग्रीमागे ताकद साधारण ०.३ ते ०.४ टक्के घसरते, आणि मे च्या दुपारी पॅनल पासष्ट-सत्तरपर्यंत तापतो. आमच्याकडे सगळ्यात चांगले दिवस मार्चमध्ये आले, पंधरा युनिटांपर्यंत, मे मध्ये तेरा-चौदा. जुलैत झड लागली की तीन-चारवर येतं, त्याला घाबरू नका.

धूळ हा इथला मोठा प्रश्न. मार्चमध्ये दोन आठवडे पुसलं नव्हतं तर तेरावरून अकरावर आलं, धुतल्यावर दुसऱ्या दिवशी परत तेरा. सकाळी ऊन चढायच्या आधीच धुवायचं, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की वाळल्यावर पांढरे डाग राहतात, म्हणून नळाचं पाणी आलं की तेच वापरते आणि लांब दांड्याच्या मऊ वायपरने लगेच निपटून घेते. साबण नाही, घासणी तर नाहीच.

एक अडचण मात्र आली. एप्रिलमध्ये रोज भर दुपारी सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा) बंद पडायचा, दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप चालू, अॅपवर ग्रिड ओव्हरव्होल्टेज म्हणजे लाइनचं व्होल्टेज जास्त असं दाखवायचं, आणि दिवसाच्या निर्मितीचा आलेख बघितला तर डोंगराच्या मध्येच खड्डे. बसवणाऱ्याला फोन केला की तो म्हणायचा लाइनचा प्रॉब्लेम आहे. शेवटी वायरमन दादांनी बघितलं तर इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत ओढलेली वायर बारीक होती, वीज बाहेर ढकलताना तिच्यातच व्होल्टेज चढत होतं. जाड केबल टाकली, प्रश्न मिटला. तेव्हा कोटेशनमध्ये पॅनल आणि इन्व्हर्टरच्या कंपनीबरोबर केबलची जाडीसुद्धा लिहून घ्या, आणि अर्थिंग तीन वेगवेगळे, पॅनलच्या बाजूचं (डीसी), घराच्या विजेच्या बाजूचं (एसी) आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचं. दिसत नाही अशाच जागी पैसे वाचवले जातात, आणि त्रास आपण पंचवीस वर्षं काढायचा.

लाइट गेली की हे सोलरही बंद होतं, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून तसं ठेवलेलं असतं आणि ते योग्यच आहे. बॅटरीवालं हायब्रिड घेतलं तर चालतं पण खर्च खूप वाढतो, आम्ही जुना इन्व्हर्टर-बॅटरी तसाच ठेवलाय. तुमच्याकडे रोज तासन्‌तास लाइट जात असेल तर त्या वेळात निर्मितीही शून्य, हे हिशोबात धराच.

पैशांचं एकदम सांगते. सिस्टीम १ लाख ९५ हजार, सबसिडी ७८ हजार परत, उंच स्ट्रक्चर धरून आमचे एक लाख तीस-पस्तीस हजार गेले. वर्षाला वाचतायत चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे साडेतीन वर्षांत वसूल. पॅनलची हमी पंचवीस वर्षांची असली तरी इन्व्हर्टर तेवढा टिकत नाही, मध्ये एकदा तरी बदलावा लागेल असं धरून वाचलेल्यातले थोडे बाजूला टाकतोय. आता घेणाऱ्यांना एक फायदा आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, जुन्या भावाचं कोटेशन कोणी दाखवलं तर विचारा.

फ्लॅटवाल्या मैत्रिणींसाठी, गच्ची सोसायटीची असते त्यामुळे एकट्याने अवघड आहे, पण लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८ हजार सबसिडी आहे. पुढच्या सभेला जाताना कॉमन मीटरची बारा महिन्यांची बिलं घेऊन जा.