पाळीच्या कळांवर '23 नंबर'ची पुडी : काही महिने घेतल्यानंतर

तोक्योत आल्यापासून ओळखीच्या बऱ्याच जणींनी पाळीच्या दुखण्यावरच्या या वनौषधी पुडीबद्दल विचारलंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. ही वेदनाशामक नाही. ओटीपोटात कळ उठल्यावर पुडी फोडून उपयोग शून्य. पाळी असो नसो, रोज घ्यायची. मला फरक जाणवायला दोन-तीन पाळ्या जाव्या लागल्या, आणि तोवर हे थोतांडच वाटत होतं.

जपानीत नाव तोकिशाकुयाकुसान, पण दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात सगळे '23 नंबर'च म्हणतात. औषधाची कृती मूळची चिनी, हान काळाच्या अखेरच्या झांग झोंगजिंग या वैद्याच्या नावावर असलेली. सहा वनस्पती, त्यात मुख्य दांगग्वेई आणि पिओनीची मुळं. इथे हे साधे स्त्रीरोगतज्ज्ञच लिहून देतात आणि ते विम्यात बसतं, म्हणजे खिशातून तीस टक्केच. दिवसाला साडेसात ग्रॅम, तीन भागांत, जेवणाआधी. तोकी, म्हणजे दांगग्वेईची जपानी बहीण, ओव्याच्या कुळातली, त्यामुळे कोमट पाण्यात ढवळलं की वास ओळखीचा येतो. चव मात्र विचारू नका.

डॉक्टरांनी आधी सोनोग्राफी करून घेतली. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) किंवा गाठी असतील तर पुड्यांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. मग आडवं झोपवून पोट दाबून पाहिलं; कांपोत, म्हणजे चिनी वैद्यकावरून आलेल्या जपानी वनौषधी पद्धतीत, ही तपासणी असते. हातपाय गार, चेहरा फिकट, पाळीआधी पाय सुजणं, अशांना 23. माझ्या ऑफिसातल्या धट्ट्याकट्ट्या, चेहरा लाल होणाऱ्या मैत्रिणीला दुखणं तेच, पण मिळाली 25, दालचिनीवाली.

आता निकाल. पहिल्या दिवशी गोळी अजून लागते, पण एक. पूर्वी दुसरा दिवसही गोळ्यांवरच जायचा. पायांची सूज बरीच उतरली. रक्तस्राव होता तसाच. रिकाम्या पोटी मळमळायचं, म्हणून डॉक्टरांना विचारून जेवणानंतर घेते. माझ्या पुडीत लॅक्टोजही आहे, दूध न पचणाऱ्यांनी लेबल बघावं.

हे सगळं पुडीमुळेच, असं छातीठोक सांगणार नाही. चिनी वनौषधींवरच्या 2008च्या कोक्रेन आढाव्यानेही (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) निष्कर्ष आशादायक, पण चाचण्या कच्च्या, असंच म्हटलं होतं. आणि ऐन कळांसाठी दिली जाणारी 68 नंबर वेगळी. तिच्यात ज्येष्ठमध भरपूर असतो. मनाने रोज घेतलीत तर पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो.

पुण्याहून वहिनीचा निरोप आलाय, चार पाकिटं पाठव. ती वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायचं औषध, घेते, आणि दांगग्वेईने त्याचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. तिच्या डॉक्टरांचा होकार येईपर्यंत एकही पुडी जाणार नाही, रागावली तरी चालेल.