पडद्यावर ४.०, कॉइलला ४.९

विकत घेण्याआधी पंधरा दिवस मी तुलना करत होतो. वहीत चार व्हेप डिव्हाइसची, म्हणजे ई-सिगारेटची, नावं आणि समोर रकाने: व्होल्टेज किती ते किती, किती टप्प्यांनी वाढतं, किती अँपिअर झेपतात, सेल कुठल्या मापाचा, चार्ज होताना वापरता येतं का. सिगारेट सोडून आठ महिने झाले होते आणि ठरावीक व्होल्टेजच्या साध्या पेनवर माझं भागत नव्हतं. रोज खिशात राहील असं एकच चांगलं व्हेरिएबल व्होल्टेजचं डिव्हाइस घ्यायचं ठरवलं होतं. आज ती वही उघडली की राग येतो, कारण तिच्यातला एकूण एक आकडा विकणाऱ्यांनीच लिहिलेला होता.

हे मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण मी ज्या तपासणीवर विसंबलो तीच तपासणी तुम्हीही कराल, आणि त्या तपासणीत ही लबाडी सापडत नाही.

आधी थोडं गणित. लिथियमचा सेल पूर्ण भरलेला असला की ४.२ व्होल्ट देतो आणि संपत येताना ३.३ च्या आसपास उतरतो. साध्या पेनमध्ये ही उतरण थेट कॉइलवर, म्हणजे लिक्विड तापवून वाफ करणाऱ्या तारेवर येते. सकाळचा पफ दमदार, संध्याकाळचा मिळमिळीत. चांगल्या डिव्हाइसमधलं सर्किट सेल खाली आला तरी तुम्ही लावलेलं व्होल्टेज टिकवून धरतं, गरज असेल तर ४.२ च्या वरही चढवतं. व्होल्टेजचा वर्ग भागिले कॉइलचे ओहम, की वॉट निघतात. माझी कॉइल २ ओहमची. ४ व्होल्ट लावले की ८ वॉट, आणि ८ वॉटला ती उत्तम चालते हे मला आधीपासून माहीत होतं.

डिव्हाइस आलं. डबा चकचकीत, सील शाबूत, सोबत दोन सेल ‘भेट’. पडद्यावर ३.० ते ६.० व्होल्ट, ०.१ च्या टप्प्यांनी. मी ४.० लावलं आणि तिसऱ्याच पफला कॉइलमधला कापूस जळल्याची चव आली. घसा असा चरचरला की पाणी प्यावं लागलं. वाटलं, कॉइल नीट भिजली नसेल. नवी कॉइल लावली, लिक्विड सोडून दहा मिनिटं थांबलो, पुन्हा तेच. ३.४ वर जरा बरं, ३.० वर कसंबसं. आणि एक आवाज येत होता. खोलीत शांतता असली की बटण दाबताच कॉइलमधून बारीक घरघर ऐकू यायची, पत्र्याखाली माशी अडकल्यासारखी. तो आवाज लक्षात ठेवा.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर लगेच आलं, अगदी गोड: “सर, काळजी करू नका, व्हिडिओ पाठवा.” पाठवला. दोन दिवसांनी: “सर, दुसरी कॉइल लावून व्हिडिओ पाठवा.” तोही पाठवला. मग म्हणाले, मीटरवर व्होल्टेज मोजून फोटो पाठवा. मी कॉइल जोडलेली असताना मल्टिमीटर लावला. पडद्यावर ४.०, मीटरवर ४.०. मनात आलं, आपण उगाच बिचाऱ्यांवर संशय घेतला. प्रामाणिकपणे तो फोटो धाडला. तोच फोटो त्यांनी माझ्यावर उलटवला: “डिव्हाइस बरोबर आहे सर, कॉइल तुमच्या वापराने जळली आहे.” तोवर आठवा दिवस उजाडला होता. परत करायची मुदत सातच दिवसांची होती. फोटो, व्हिडिओ, पुन्हा फोटो हे सगळं ते सात दिवस सरावेत म्हणूनच चाललं होतं, यात मला आता शंका नाही. म्हणून सांगतो, परतीची विनंती पहिल्याच दिवशी नोंदवा. चर्चा नंतर करा.

माझा एक मित्र अँप्लिफायर दुरुस्त करतो. त्याच्याकडे डिव्हाइस नेलं. त्याने घरघर ऐकली आणि मल्टिमीटर बाजूला सारून ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारं यंत्र, ओढला. एक सरळ रेष दिसायला हवी होती. दिसल्या भिंतीच भिंती: २० मिलिसेकंद पूर्ण ६ व्होल्ट, १० मिलिसेकंद शून्य, पुन्हा ६, पुन्हा शून्य. सेकंदाला तेहतीस वेळा. घरघर त्याचीच होती.

“हे ४ व्होल्ट देतच नाही,” तो म्हणाला. “६ देतं आणि मधेमधे बंद होतं. तुझा मीटर डीसीवर सरासरी दाखवतो, ती ४ च येणार. कॉइलला सरासरीशी काय देणंघेणं? ती तापते वर्गाने.”

त्याने तिथेच कागदावर मांडून दाखवलं. चालू असताना ६ चा वर्ग भागिले २, म्हणजे १८ वॉट. तीनातले दोन भाग वेळ चालू, म्हणजे १२ वॉट. मी ८ समजून १२ वॉट ओढत होतो, दीडपट. कॉइलच्या दृष्टीने ते ४.९ व्होल्ट होते. सगळ्यात खाली ३.० वर नेलं तरी ९ वॉट. मला हवे असलेले ८ वॉट त्या यंत्रात कुठल्याच आकड्यावर नव्हते.

अशी तुकड्यातुकड्याने व्होल्टेज देणारी डिव्हाइस सुरुवातीच्या काळात उघडपणे विकली जात, आणि जाणकार त्यांना ओळखून असत. माझी तक्रार त्या तंत्राबद्दल नाही. मला ‘स्थिर डीसी आउटपुट’ असं लिहून विकलं होतं.

हा नुसता चवीचा प्रश्नही नाही. २०१५ च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक पत्र छापून आलं होतं. त्या प्रयोगात ३.३ व्होल्टला फॉर्मल्डिहाइड (कर्करोगकारक रसायन) सोडणारी संयुगं आढळली नाहीत, ५ व्होल्टला आढळली. त्यावर टीका झाली ती अशी, की इतक्या जळक्या चवीचा पफ माणूस मुळात घेणारच नाही. मी तो आठवडाभर घेत होतो, कारण पडदा सांगत होता की सगळं ठीक आहे.

मग माल अस्सल आहे का ते तपासायचा डब्यावरचा कोड आठवला. चंदेरी पट्टी खरवडून कंपनीच्या साइटवर नंबर टाकला: हा कोड याआधी तपासला गेला आहे. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर, “सर, पाठवण्याआधी आम्हीच तपासतो.” पण पट्टी तर कोरी होती, पहिला ओरखडा माझ्याच नखाचा! पट्टी न खरवडता यांनी आतला नंबर कसा वाचला? एकच खरा नंबर शेकडो डब्यांवर छापायचा, हा त्यातला प्रकार. ही तपासणी डबा हातात येताच करायची असते. मी ती नवव्या दिवशी केली.

सेलचं प्रकरण याहून वाईट आहे. दोन्ही १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. दोघांवर एकच रंग, एकच नाव, ‘५००० एमएएच, ४० अँपिअर’. मित्राने दोन हातांत दोन घेतले आणि थबकला. काट्यावर एक ४५ ग्रॅम भरला, दुसरा ३१. या मापाचा चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास असतो. शिवाय या मापात साधारण साडेतीन हजार एमएएच (सेलची साठवण) मावतात, आणि एमएएच वाढले की सहसा झेपणारे अँपिअर घटतात. सॅमसंगचा २५आर २५०० एमएएच आणि २० अँपिअरचा, सोनीचा व्हीटीसी६ ३००० आणि १५ चा. पाच हजार आणि चाळीस एकाच वेष्टनावर दिसले, तर आणखी काही तपासायची गरज नाही.

वजनदार सेलच्या तळाशी वेष्टन थोडं सुटलं होतं. आतून दुसऱ्याच रंगाचं वेष्टन डोकावत होतं, आणि धातूवर वेल्डिंगचे बारीक ठिपके. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून उपसलेला सेल, वर नवा कपडा. असा सेल व्हेपच्या भाराला बनवलेलाच नसतो. आणि एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: या सेलचं अख्खं धातूचं कवच ऋण असतं, धन टोक आणि कवच यांच्यात वीज अडवणारी एक बारीक कडी तेवढी. वेष्टन वरच्या कडेला फाटलं आणि सेल धातूच्या नळीत गेला किंवा खिशात किल्ल्यांबरोबर राहिला, की शॉर्ट. हलका सेल मित्राने उघडू दिला नाही. “तो नकोच,” एवढंच म्हणाला.

ऑसिलोस्कोप सगळ्यांकडे नसतो. त्याने सांगितलेली घरगुती परीक्षा अशी. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवायचा आणि आधी साध्या सेलला लावून बघायचा. शून्य दाखवलं तर तो मीटर या कामाचा. मग कॉइल जोडून, बटण दाबून तोच मीटर डिव्हाइसच्या आउटपुटला लावायचा. स्थिर डीसी असेल तर आकडा शून्याच्या जवळपास राहतो. माझ्या डिव्हाइसवर जवळजवळ ३ आले.

तक्रार केली आहे. त्यात ऑसिलोस्कोपच्या पडद्याचा फोटो, कोडचा स्क्रीनशॉट आणि काट्यावरच्या दोन्ही सेलचे फोटो जोडले, ४५ आणि ३१. ती अजून ‘विचाराधीन’ आहे. फोटो झाल्यावर सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते ई-कचऱ्यात दिले. डिव्हाइस मात्र पुरावा म्हणून ठेवलंय, सेल काढून.