१६ जीबी रॅम: एकच स्टिक घ्यावी की ८-८ च्या दोन?

गेमिंग पीसी जुळवताना दुकानात हमखास ऐकू येतं, "१६ ची एकच घ्या, पुढे वाढवता येईल." होकार देण्याआधी एवढंच ठरवा: वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवणार आहात का?

नसेल, तर ८ च्या दोनच घ्या. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर बघा. त्यातच असलेल्या वेगा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते सिस्टमच्याच रॅममधून भागवतं. डीडीआर४ प्रकारच्या, ३२०० वेगाच्या रॅमची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देऊ शकते; दोन स्टिक दोन चॅनेलवर, म्हणजे रॅम ते प्रोसेसर अशा दोन वेगळ्या वाटांवर, चालल्या की ५१.२. गेमची टेक्श्चर आणि प्रोसेसरचं काम, दोन्ही याच वाटेने जातं. त्यामुळे एका स्टिकवर फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) चांगलाच पडतो आणि सेटिंग्ज लो केल्या तरी अडखळणं पुरतं जात नाही. लॅपटॉपचंही तेच. इंटेलच्या आयरिस एक्सई ग्राफिक्सच्या मशीनमध्ये एकच स्टिक असेल, तर विंडोजमध्ये ते नुसतं 'यूएचडी ग्राफिक्स' म्हणून दिसतं.

कार्ड असेल, तर त्याची व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्सची स्वतःची मेमरी, त्याच्याजवळ असते. १४४०पी रिझोल्यूशन आणि अल्ट्रा सेटिंगवर खेळताना बहुतेक वेळा कार्डच आधी दमतं, त्यामुळे एक-दोन स्टिकचा फरक सरासरी फ्रेमरेटमध्ये फारसा दिसत नाही. पण व्हॅलोरंट किंवा सीएस २, १०८०पीवर, १४४ हर्ट्झच्या मॉनिटरसाठी खेळत असाल, तर भार प्रोसेसरवर येतो आणि दोन स्टिकचा फायदा दिसू लागतो. इथे सरासरीपेक्षा '१ टक्का लो'चा, म्हणजे सर्वांत मंद १ टक्का फ्रेमचा, आकडा बघा, ऐन चकमकीत बसणारा झटका त्यातच कळतो. रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसरवर हा फरक कमी पडतो, कारण ९६ एमबी एल३ कॅशमुळे (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) त्याला रॅमकडे कमी वेळा जावं लागतं.

स्पीडवर जास्त पैसे घालू नका. ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८, दोन्हींची सीएएस लेटन्सी (मागितलेला डेटा द्यायला रॅमला लागणारा वेळ; सीएलचा आकडा त्याचाच) १० नॅनोसेकंदच येते. ३२०० सीएल२२ ची मात्र १३.७५. मी ३२०० सीएल१६ घेईन.

घरी आणल्यावर बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग्ज) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते. चार स्लॉट असतील, तर स्टिक सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. मॅन्युअल उघडून खात्री करा. शेजारशेजारी लावल्या, तर बऱ्याच बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात आणि दोन घेतल्याचा उपयोगच राहत नाही. सीपीयू-झेड या ॲपच्या मेमरी टॅबमध्ये चॅनेल तपासा. तुलना करायची तर गेममधलाच बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी), त्याच सेटिंग्जवर, तीनदा चालवा.

राहिला 'पुढे वाढवता येईल'चा मुद्दा. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक लावूनही दोन स्लॉट मोकळे राहतात. बोर्डावर दोनच स्लॉट असतील, कार्ड असेल आणि तसलीच दुसरी स्टिक महिन्या-दोन महिन्यांत नक्की घेणार असाल, तरच १६ ची एक घ्या.